गजराबाईनं न भरलेला चुडा

अणदूरच्या शाळेत माझी बदली झाली त्याच आठवड्यात गजराबाई कासारीण दारात आली. तिनं टोपली उतरवली आणि न विचारताच माझा हात ओढून घेतला. पंजा दाबून बघितला आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, लई आडमुठा हात हाय तुमचा. छडी मारायला बरा, बांगडीला न्हाय."

मी तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. आमच्याकडे टोमणासुद्धा साखर लावून देतात. मला भयंकर राग आला. पण तोवर तिनं दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या चढवल्या होत्या आणि कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. मग रागवायचं तरी कशाला?

बांगडी भरणं दिसतं तेवढं सोपं नसतं. अंगठ्याखालचं हाड हलकेच आत वळवावं लागतं आणि त्या क्षणी बाईचं लक्ष दुसरीकडे हवं. म्हणून गजराबाईच्या तोंडाचा पट्टा कायम सुरू. तिचा नवरा ज्ञानोबा हा तिचा हुकमी विषय. "आमचं ध्यान सकाळधरनं चुलीम्होरं बसलंय. शेवटी चूलच लाजून इझली," असं काहीतरी ती बोलायची, बाई फसकन हसायची आणि बांगडी आत गेलेली असायची. बिचारा ज्ञानोबा शेजारी बसून बांगड्यांच्या माळा सोडत गालात हसत असे.

बांगड्या भरून झाल्या की बाई कासारणीला वाकून नमस्कार करते. मग ती पाटलीण असो की शेतमजुरीण. गजराबाईला या नमस्काराचा फार अभिमान होता. आणि का नसावा? गावातल्या सुनेचा हात घरच्यांखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातात जातो तो तेवढाच. सासू समोर बसलेली असली तरी त्या हाताला जे सांगायचं ते सांगून होतं. बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. मोकळ्या हाताची सून तेवढंच म्हणाली की गजराबाई मान डोलवायची, पण हात मात्र जरा जास्त वेळ धरून ठेवायची.

हे तिला बहात्तरच्या दुष्काळानं शिकवलं. त्या वर्षी नवराबायको दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. हातात हातोडा, कमरेला बांगड्यांची माळ. दुपारच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या आणि सरकारकडून खायला मिळालेल्या सुकडीतला तुकडा देऊन दोन बांगड्या भरून घ्यायच्या. मी एकदा विचारलं, "पोटाला नाही आणि बांगड्या कशाला गं?" ती म्हणाली, "बाई, चांदी गेली, बैलं गेली. हात तरी आपलाच हाय ह्ये वळकू यावं की."

खडी फोडणाऱ्या बाईच्या उजव्या हातातल्या पुढच्या बांगड्या जायच्या. पण काही जणी कामावर यायच्या त्याच डावा हात मोकळा आणि मनगटाभोवती निळं कडं घेऊन. तोंडावर येणारा फटका माणूस त्याच हातावर घेतो. गजराबाईनं तेव्हा कुणालाच काही विचारलं नाही. नुसती जपून बांगडी भरायची आणि रात्री घरी येऊन ज्ञानोबावर उगाच खेकसायची.

दुष्काळानंतर गावात दुधाची सोसायटी निघाली. चार घरांत म्हशी होत्या त्या चाळीस घरांत झाल्या. पहाटे किटल्या खणखणायला लागल्या, पोरांच्या अंगावर सदरे आले. हे चांगलं झालं, मी नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच म्हणते, की शेण बायकांनी काढायचं, वैरण बायकांनी आणायची, धार बायकांनी काढायची आणि सभासद मात्र मिशीवाले. चेअरमन होते आबाराव. दूध घ्यायचं की नासलं म्हणून परत पाठवायचं, हे त्यांच्या शब्दावर चाले. त्यामुळे गाव त्यांना जरा जास्तच वाकून रामराम करी.

त्यांचा मुलगा श्रीपती. देखणा, गोडबोल्या, कुणाचंही लग्नकार्य असो, वाढायला पुढे. त्याला सास्तूरची केशर दिली होती. बापाची कोरडवाहू शेती, पण पोरगी चवळीच्या शेंगेसारखी आणि हसरी. सासऱ्यानं कबूल केलेली फटफटी दिली नाही, एवढं निमित्त श्रीपतीला पुरलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला गजराबाई तिला बांगड्या भरायला गेली, तर डावा हात मोकळा.

"वाढवल्या," केशर म्हणाली. समोर सासू, चांगुणाबाई, शेंगा फोडत बसलेली. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मी पेपरात वाचलं, की कायद्यात नवं कलम आलंय. नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी बाईचा छळ केला तर तो गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. गजराबाई ओसरीवर बसली होती. मी तिला वाचून दाखवलं.

"किती मारल्यावर गुन्हा हाय त्यो?" तिनं विचारलं.

"तसं मोजून नाही लिहिलेलं."

"मग बरा हाय. मोजून लिवला असता तर त्यापरीस एक कमी मारली असती ह्यांनी." मग जरा थांबून म्हणाली, "पर सांगायचं कुणी?"

"तिनं. नाहीतर तिच्या माहेरच्यांनी. आणि मग ज्यांनी बघितलं त्यांनी साक्ष द्यायची."

"माहेरचं म्हनतंय दिल्या घरी सुखी ऱ्हा. आन बघनाऱ्याचं दूध सोसायटीत जातंय." ती उठली. "कायदा चांगला हाय बाई. पर त्यो पेपरात हाय. केशर वाड्यात हाय."

मग तिनं जे केलं ते एखादी कासारीणच करू जाणे. संक्रांत आली. भोगीला ती सगळ्या गावाला बांगड्या भरत फिरली आणि आबारावांचं घर तेवढं टाकून पुढे गेली. सणाच्या दिवशी सवाष्णीचा हात मोकळा म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर. "चेअरमनची सून हळदीकुंकवाला मोकळ्या हातानं येती का बघू," असं मला सांगताना तिचे डोळे चमकत होते. मलाही तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं.

झालं भलतंच. श्रीपतीनं तुळजापूरहून बांगड्या आणल्या, मापाला लहान. त्या त्यानं स्वतःच्या हातानं कोंबल्या. आणि कासारणीपाशी घरातलं बोलतेस म्हणून वर मारलं. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या हौदावर केशर गजराबाईला भेटली. पंजाची साल निघालेली. ती एवढंच म्हणाली, "मावशी, तुमी एकट्याच माझा हात नीट धरत हुतात. त्येबी बंद केलं तुमी."

त्या संध्याकाळी गजराबाई माझ्याकडे येऊन रडली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "म्या त्याला शिक्षा द्यायला गेले आन ती हिच्यावर पडली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून ती टोपली घेऊन आबारावांच्या दारात गेली. आबाराव म्हणाले, "टोपली उंबऱ्याच्या आत येता कामा नये." जी जागा तिची होती ती तिनं आपल्या हातानं घालवली होती.

आमच्या महिला मंडळाला कुणकुण लागली तेव्हा आम्हाला स्फुरण चढलं. श्रीपतीला ताटातून बांगड्यांचा आहेर करायचा, मोर्चा काढून, असं ठरलं. बांगड्या आणायला आम्ही अर्थातच गजराबाईकडे गेलो. ती जी उसळली!

"बांगड्या म्हंजी काय शिवी हाय व्हय? भित्र्याला द्यायचा माल इकते म्या? तुमच्या हातात काय हाय मग? बेड्या?" तिनं टोपलीवर फडकं टाकलं. "ह्या हातांनी दुष्काळात खडी फोडलीया. त्या श्रीपतीची लायकी न्हाय माझ्या बांगडीला शिवायची. जावा घरी!"

आम्ही गेलो घरी. मला त्या दिवशी लाज वाटली आणि बरंही वाटलं.

चैत्रात आबारावांनी सुनेचं डोहाळजेवण जाहीर केलं. सातवा महिना होता. सगळ्या गावाला आवतण, मांडव, आचारी. आणि आदल्या सांजेला चांगुणाबाईंची मोलकरीण गजराबाईच्या दारात आली. निरोप होता, "हिरवा चुडा भरायला कासारणीनं यावं. गावच्या कासारणीचा मान हाय."

"मालकांनी सांगितलंय?" गजराबाईनं विचारलं.

"न्हाय. मालकिणीनं."

माजघर बायकांनी भरून गेलं होतं. बाहेर मांडवात पुरुषांच्या पंगती. केशर हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती, डावा हात पदराखाली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. डोहाळ्याची गाणी चालली होती. गजराबाई समोर बसली, तेलाची वाटी सरकवली आणि म्हणाली, "आण, डावा हात."

केशरनं उजवा पुढे केला.

"डावा गं, माझे बाई. पयला डावाच भरत्यात."

केशरनं सासूकडे बघितलं. चांगुणाबाई भिंतीकडे बघत होत्या. मग हळूहळू तो हात पदराबाहेर आला. हळदीचा लेप लावलेला, मनगट वांग्यासारखं सुजलेलं, बोटं वळत नव्हती. गजराबाईनं तो हात आपल्या मांडीवर घेतला. ती काहीच बोलेना. गजराबाई बोलत नाही म्हटल्यावर गाणं आपोआप थांबलं.

मला वाटलं, आता ही आकाश-पाताळ एक करणार. पण तिचा आवाज अगदी साधा निघाला. "ह्या हातात चुडा चढनार न्हाय," ती म्हणाली. "हाड मोडलंय."

"गरवार बाईला सूज येतीच की," कुणीतरी मागून म्हणालं.

"व्हय? मग या. लांबून बोलू नका. वटी भरायला पुढं यायचंच हाय न्हवं? आधी हात बघायचा, मग वटी भरायची. एकेकीनं या."

कुणी हलेना. प्रत्येकीच्या घरी म्हैस होती. मी उठले, कारण माझ्या घरी म्हैस नव्हती आणि सरकारचा पगार होता. माझ्या धैर्याची किंमत एवढीच. मी हात बघितला, केशरच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटी भरली. माझ्यामागून बनाबाई आली. बौद्धवाड्यातली, सोसायटीच्या कोठीवर किटल्या धुणारी. आबारावांचा शब्द फिरला तर कामच जाणार. तिनं हात नुसता बघितला नाही, त्यावर आपला हात ठेवला. "पोरी, हे कधी झालं?" तिनं विचारलं.

"परवा," केशर म्हणाली. "उखळाच्या मुसळानं."

मग बायका उठल्या. एकीमागून एक, हळदीकुंकवाची बोटं घेऊन. प्रत्येकीनं बघितलं. एवढ्या बायकांत आता एकीलाही म्हणता येणार नव्हतं, की मला काही ठाऊक नाही. काही रडत होत्या. एक म्हातारी तर ओटीचे तांदूळ हातातच धरून उभी राहिली, तिला पुढे काय करायचं तेच सुचेना.

आबाराव दारात आले तेव्हा गजराबाई केशरला उठवत होती. "दवाखान्यात न्यायची हाय," ती म्हणाली.

"कार्य उरकू दे. मग बघू."

"चेअरमनसाहेब, दार सोडा. मागं सगळ्या जणी हायत."

खरंच होत्या. आबारावांनी पाहिलं आणि बाजूला झाले. पाहुण्यांपुढे आणखी काय करणार?

सरकारी दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. पोटातलं बाळ ठीक होतं. तिथून केशर माहेरी गेली नाही, गजराबाईच्या दोन खोल्यांत राहिली. फौजदार माणूस बरा होता. "या कलमाखाली माझ्याकडं आलेला हा पहिलाच गुन्हा," असं त्यानं कबूल केलं आणि केशरचा जबाब शांतपणे घेतला. केशरनं सासूबद्दलही खरं तेच सांगितलं, "त्यांनी हात लावला न्हाय. पर आडव्याबी आल्या न्हाईत." श्रीपतीला नेलं, तो जामिनावर सुटून आला. फौजदार म्हणाला, साक्षी टिकल्या पाहिजेत, नाहीतर सगळं पाण्यात.

आणि आबारावांनी साक्षींवरच घाव घातला. ज्या घरच्या बाईनं जबाब दिला त्या घरचं दूध नासकं ठरायला लागलं. बनाबाईला कोठीवरून काढलं. दोघी-तिघींनी घाबरून जबाब फिरवला. मी त्यांना बोल लावत नाही, त्यांच्याही पोरांना भाकर लागते. बाकीच्यांनी बनाबाईच्या अंगणात कढया चढवल्या आणि परत आलेल्या दुधाचा खवा आटवायला सुरुवात केली. तुळजापुरात पेढेवाले कधीही खव्याला नाही म्हणत नाहीत. उन्हाळ्यात त्या भट्ट्यांपाशी बसून बायकांचे चेहरे लालबुंद व्हायचे, पण एकही किटली ओतून द्यावी लागली नाही. गजराबाई तिथं जाऊन ढवळायला बसायची आणि ज्ञानोबाच्या नावानं सगळ्यांना हसवायची.

एका सकाळी फौजदार चावडीवर आला. चांगुणाबाईंचा जबाब राहिला होता. पोरगी माडीच्या जिन्यावरून पडली, असं श्रीपतीचं म्हणणं, आणि घरातली बाई तसं म्हणाली असती तर खटला लंगडा झाला असता. चांगुणाबाई आल्या, शेजारी आबाराव. मी, गजराबाई, बनाबाई पायऱ्यांवर उभ्या होतो. केशर गजराबाईच्या मागे.

"काय झालं ते सांगा, आजी," फौजदार म्हणाला.

"जिन्यावरनं पडली," चांगुणाबाई म्हणाल्या. केशरनं डोळे मिटले. "असं म्हना म्हनून सांगितलंय मला."

आबाराव खाकरले. चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात टेबलावर ठेवला. मनगट वाकडं सांधलेलं होतं.

"म्याबी जिन्यावरनंच पडले हुते. असंच सांगितलं हुतं तवा." त्यांचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला. "तवा आमच्या घराला जिना नव्हता. माडी मागनं बांधली."

फौजदारानं पेन खाली ठेवलं आणि परत उचललं. मग चांगुणाबाईंनी मुसळाचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. शेवटी त्या गजराबाईकडे वळल्या. "तुला म्याच बोलावलं. मला बोलायची हिंमत नव्हती. म्हनलं, तुझ्या हातात एकदा तिचा हात गेला की तू सोडनार न्हाईस."

खटला पुढे दीड वर्ष चालला. तुळजापूरच्या कोर्टात श्रीपतीला शिक्षा झाली, अपिलात ती थोडी कमीही झाली. केशरला मुलगी झाली, ठणठणीत. कायद्यानं सगळं नीट केलं असं मी म्हणणार नाही. कायद्याला हात नसतात, ते आपणच पुरवायचे असतात. पण कलम नसतं तर चावडीवर त्या टेबलापुढे चांगुणाबाईंना कुणी बसवलंच नसतं, हेही तितकंच खरं.

मला मात्र चावडीवरच्या जबाबाच्या दिवसाची संध्याकाळ विसरता येत नाही. मी गजराबाईच्या अंगणात बसले होते. केशर मांडीवर सूप घेऊन एका हातानं लसूण सोलत होती. गल्लीतून घुंगराचा आवाज आला आणि बघतो तर चांगुणाबाई. डोक्यावर गाठोडं, हातात म्हशीचं दावं. ती म्हैस त्यांच्या भावानं माहेराहून दिलेली, त्यांची स्वतःची. बाकी त्या घरातलं त्यांनी काही घेतलं नव्हतं.

गजराबाई उठली, पण दाराकडे गेली नाही. घर तिचं असलं तरी उत्तर तिचं नव्हतं, हे तिला कळत होतं. ती बाजूला उभी राहिली.

चांगुणाबाई केशरसमोर आल्या. "सूनबाई," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याकडं आलीया. ठिवून घेशील का?"

केशरनं लसणाची एक पाकळी सोलली, मग दुसरी. मला वाटलं, ही नाही म्हणेल, आणि म्हणाली असती तरी तिला कोण दोष देणार होतं? म्हशीनं मान झटकली. केशरनं वर बघितलं ते म्हशीकडे.

"हिला पाणी पाजलंय का?"

"न्हाय गं. तशीच निघाले."

"मग आधी पाणी दावू," केशर म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि धडधाकट हातानं दावं सासूच्या हातातून घेतलं.